धाकट्या भावंडाचा कॅमेरा

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून काळविटांसाठी राखलेले आहे. तेथे सहलीला जाताना धाकट्या भावंडाच्या हाती कोणता डिजिटल कॅमेरा द्यावा?

मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ६ × ४ इंचांच्या छायाचित्रासाठी, इंचाला ३०० बिंदू धरल्यास, १८०० × १२०० = २१,६०,००० बिंदू पुरतात; म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल!

दूरची वस्तू मोठी दाखवण्यासाठी बाहेर सरकणारे भिंग कॅमेरा पडला की सहज बिघडते. ‘डिजिटल झूम’ चित्राचा मधला तुकडा कापून नुसता ताणतो. नवा तपशील मिळत नाही. म्हणून लहानग्यासाठी स्थिर भिंग, रबरी आवरण, मनगटाचा पट्टा आणि मोजकी बटणे असलेला कॅमेरा बरा. त्यात लांबचा काळवीट ठिपक्याएवढा दिसेल. पण मीटरभर अंतरावरून मातीतले त्याच्या खुरांचे ठसे छान टिपता येतील. ते कोणी पाहिले असतील?