कंपू, कवायत आणि थकलेला पगार

२५ ऑक्टोबर १८०२. ऐन दिवाळीत पुणेकरांच्या कानी आलेले बार फटाक्यांचे नव्हते. हडपसर-घोरपडीच्या माळावर यशवंतराव होळकर एका बाजूला आणि शिंद्यांची फौज पेशव्यांच्या सैन्यासह दुसऱ्या बाजूला, अशी लढाई जुंपली होती. मराठे मराठ्यांशी लढले याचं तोवर कुणाला नवल उरलं नव्हतं. नवल होतं ते पलटणींचं. दोन्हीकडे एकाच धाटणीच्या बंदुका, एकाच पद्धतीची रांग आणि हुकूम देणारे दोन्हीकडे टोपीकर. शिंद्यांच्या पलटणींचा कप्तान डॉज पडला, होळकरांकडचा हार्डिंगही पडला. दुसरा बाजीराव सिंहगडाच्या वाटेने निसटला तो कोकणातून थेट वसईला पोचला. ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांशी तह केला आणि तैनाती फौजेच्या सहा पलटणींसाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला.

मराठ्यांच्या पराभवांची दोन ठरावीक उत्तरं आपण शाळेपासून ऐकत आलो. गनिमी कावा सोडला म्हणून बुडालो, हे एक. कवायती फौज उशिरा उभारली म्हणून बुडालो, हे दुसरं. दोन्ही पक्षांकडे पुरावे आहेत आणि दोन्हींचे वक्ते पुण्यात मुबलक आहेत. मला मात्र रणांगणापेक्षा फडावरच्या हिशेबात अधिक काही सापडतं. बंदूक कुणाची, यापेक्षा ती धरणाऱ्याचा पगार कोण आणि कधी देतो, आणि त्याला हुकूम कोण देतो, हे प्रश्न पुणे दरबाराने कधी नीट सोडवलेच नाहीत.

कवायतीचा पहिला धडा मारातूनच मिळाला. १७५१ साली निजामाबरोबर आलेल्या बुसीच्या फ्रेंच तुकडीने कुकडीकाठी, चंद्रग्रहणाच्या रात्री, नानासाहेब पेशव्यांच्या तळावर छापा घातला. ज्या हत्याराने आपल्याला घाम फोडला ते आपल्याकडे असावं, असं वाटणं साहजिक होतं. मग बुसीच्या तालमीतले गारदी, म्हणजे कवायती पायदळ शिपाई, पुण्याने नोकरीत घेतले. त्यांतला मुजफ्फरखान पुढे पेशव्यांची नोकरी सोडून सावनूरच्या नबाबाकडे गेला. १७५६ मध्ये त्या सावनूरला वेढा घालावा लागला आणि त्यानंतर हाच खान पुन्हा पेशव्यांच्या चाकरीत! १७५९ मध्ये गारपिरावर सदाशिवराव भाऊंवर मारेकरी घातल्याबद्दल अखेर त्याचं शिर उडवलं गेलं. एवढं होऊनही भाऊंनी गारद्यांवरचा विश्वास सोडला नाही. इब्राहिमखान गारदी त्यांच्याबरोबर पानिपतला गेला.

पानिपतची एक हकीकत शुजाउद्दौल्याच्या छावणीतल्या काशीराजाने लिहून ठेवली आहे. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंपुढे आला. माझ्या माणसांच्या नियमित पगाराचा आग्रह मी धरतो म्हणून आपण माझ्यावर नाराज असता, या महिन्यात तर पगार मिळालेलाच नाही, पण आज आम्ही त्या पैशाचं चीज करून दाखवतो, अशा आशयाचं तो बोलला. आणि त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी खरोखर मोडली. खान पकडला गेला आणि मारला गेला. शेवटच्या दिवशीसुद्धा त्याला पगाराची आठवण काढावी लागली, ही गोष्ट इतिहासकार ओझरती सांगतात. मला ती त्या दिवसाच्या केंद्रस्थानी दिसते.

घोडदळाचा शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येई. पैसे थकले तर लुटीवर, सरंजामावर, सावकारावर भागवून नेई. कवायती शिपायाचं तसं नव्हतं. त्याची बंदूक सरकारची, दारूगोळा सरकारचा, आणि महिनाअखेरीस रोकडा हवा. रोज कवायत करणारा माणूस पेरणीला गावी जात नाही. म्हणजे परकी हत्यारांबरोबर परकी खर्चाची पद्धतही आणायला हवी होती. बंदुका आल्या, तोफा आल्या, पद्धत आली नाही. तोफखान्याकडे लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही. थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६५-६६च्या सुमारास, जुन्नरकडे आंबेगावला तोफगोळ्यांचा कारखाना निघाला होता. पानशांच्या घराण्याकडे तोफखान्याची पिढीजात जबाबदारी होती. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरच्या १९२८च्या ग्रंथात या कारखान्यांची दखल घेतली आहे.

थकलेल्या पगाराने पुण्याला काय दिलं ते शनिवारवाड्याला ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंग आणि त्याचे साथीदार गारदी वाड्यात शिरले ते थकबाकी मागण्याच्या निमित्ताने, आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. अक्षर फिरवल्याची आख्यायिका आपण इतकी रंगवून सांगतो की निमित्त विसरूनच जातो. कट रघुनाथरावांच्या गोटातला असेल, पण दरवाजा उघडायला पगाराचं गाऱ्हाणं पुरलं.

यानंतर चारच वर्षांनी परकी मदतीचा सर्वांत मोठा प्रस्ताव पुण्यात आला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ दरबारात दाखल झाला. २,५०० युरोपी सैनिक आणतो, १०,००० शिपाई कवायतीत तयार करतो, दारूगोळा हवा तेवढा पुरवतो, असं त्याचं बोलणं. बदल्यात कोकणात बंदर हवं, चौलचं नाव निघालं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने टोपीकरांना किनाऱ्यावर कायमची जागा देऊ नये असं बजावलं होतं, त्याला तेव्हा साठेक वर्षं झाली होती. नाना फडणवीसांनी लुबिनचं स्वागत केलं. मुंबईकर इंग्रज मात्र हादरले. लुबिन आला तसा गेला, फौज काही आली नाही. माझ्या मते नानांना तो माणूस मदतीपेक्षा बागुलबुवा म्हणूनच उपयोगाचा होता, आणि त्या अर्थाने त्याने चोख काम केलं. पण बागुलबुवाने घाबरलेले इंग्रज घाटावर चढून आले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांना शरणागती पत्करावी लागली. ती लढाई जिंकली ती वाटेतली रसद तोडून, घोडदळाने सतत टोचत राहून.

पगाराचं गणित ज्याने सोडवलं तो मराठा सरदार एकच, महादजी शिंदे. १७८४ मध्ये त्यांनी सव्हॉयचा बन्वा द बॉइन नोकरीत घेतला. द बॉइनने पहिली अट घातली ती महिन्याच्या महिन्याला पगाराची. त्यासाठी दुआबातला मुलूख त्याच्याकडे लावून दिला गेला, अलिगढला छावणी बसली आणि आग्ऱ्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका घडू लागल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे या पलटणींनी राजपुतांच्या घोडदळाला धूळ चारली. पगार वेळेवर, हत्यार घरचं. तरी एक गोष्ट राहिलीच. पलटणीचा शिपाई बहुतांशी हिंदुस्थानी पुरभय्या, अंमलदार फ्रेंच, डच, इटालियन, इंग्रज. मराठा माणूस घोड्यावरून उतरून बंदूक खांद्याला लावायला तयार नव्हता, त्यात त्याला कमीपणा वाटे. त्यामुळे कंपूचा सेनापती होईल असा एकही मराठी अंमलदार या शाळेतून बाहेर पडला नाही.

याचा फटका पुण्याला लढाईबाहेरच बसला. महादजी १७९२ मध्ये आले तेव्हा हेसिंग आणि फिलोज यांच्या पलटणी बरोबर होत्या. १७९४ मध्ये वानवडीला महादजी वारले. तिथल्या छत्रीत आज शाळेच्या सहली जातात. त्याच वानवडीच्या छावणीत, ३१ डिसेंबर १७९७ रोजी, मायकेल फिलोजने नाना फडणवीसांना कैद केलं. नाना आले होते ते फिलोजने सुरक्षिततेचा शब्द दिला म्हणून. पेशव्यांनीही आपल्या पलटणीवर बॉइड नावाचा अमेरिकन ठेवून पाहिला. तो पुढे मायदेशी गेला आणि १८१३ मध्ये कॅनडाच्या सीमेवर इंग्रजांकडून हरला. आयर्लंडच्या बंडवाल्या वुल्फ टोनचा भाऊ विल्यम हाही याच नोकरीत होता. त्याने १७९६ मध्ये लिहिलेला मराठ्यांच्या व्यवस्थेवरचा मजकूर अजूनही उपयोगी पडतो. कुठकुठली माणसं मुळा-मुठेकाठी पोटाला लागली होती!

१८०३ मध्ये, इंग्रज-शिंदे युद्धात, हिशेब चुकता झाला. इंग्रजांनी ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढला: शिंद्यांची नोकरी सोडणाऱ्या ब्रिटिश अंमलदारांची आम्ही सोय लावू. अंमलदार निघून गेले. द बॉइनच्या जागी आलेला पेराँ तर लढाई ऐन रंगात असताना इंग्रजांच्या आश्रयाला गेला. द बॉइन त्याआधीच गडगंज होऊन शांबेरीला परतला होता. तिथे त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या कारंज्यावर चार हत्ती आहेत. शिपाई मात्र राहिले. असईला २३ सप्टेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीची ४२८ माणसं ठार आणि १,१३८ जखमी झाली. नोव्हेंबरात लासवारीला ओळखीचे अंमलदार नसलेल्या पलटणी तोफांपाशी उभ्या राहून मेल्या. त्यांना फ्रेंच अंमलदार असते तर निकालाची खात्री नव्हती, असं जनरल लेकनेच लिहून ठेवलं आहे. मी ते उलट वाचतो. अंमलदार घरचे असते तर?

बाजीरावाने यातून काय घेतलं? १८१२ नंतर त्याने पुन्हा कवायती कंपू उभारला, पण इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या सल्ल्याने आणि मद्रासच्या फौजेतल्या कॅप्टन जॉन फोर्डच्या हाताखाली. छावणी दापोडीला, जिथे आज लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. खर्च पेशव्यांचा, हत्यार विलायती, हुकूम फोर्डचा, आणि फोर्ड कुणाचं ऐकणार हे पुण्यातल्या पोरालाही कळत होतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला बापू गोखल्यांनी इंग्रजांवर चाल केली, बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. पेशव्यांकडे तेव्हाही एक परकी अंमलदार होता, पोर्तुगीज द पिंटो. त्याची तुकडीही त्या दिवशी लढली. आणि दापोडीहून पेशव्यांच्या पैशावर पोसलेला कंपू निघाला तो एल्फिन्स्टनच्या फौजेला मिळायला.

पेशव्यांच्या दरबारातले मोरो दीक्षित हे फोर्डचे जुने स्नेही. लढाईपूर्वी त्यांनी फोर्डला तटस्थ राहण्याचा सल्ला दिला होता. फोर्डने नाही म्हटल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला की ज्याचा पक्ष जिंकेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाला सांभाळायचं. ग्रँट डफने ही हकीकत नोंदवली आहे. पुढे तो लिहितो, त्या दुपारी मोरो दीक्षितांना लागलेला गोळा फोर्डच्या पलटणीतल्या तोफेचा होता.