लहान चणीची, चिवट हाडाची

संपादकांनी ताडोबाला पाठवलं होतं वाघांसाठी, पण मोहर्ली गेटपाशी नजर खिळली ती रांगेतल्या जिप्सींवर. सकाळची फेरी संपवून आलेला एक चालक गाडीखाली शिरून स्प्रिंगचे पाटे तपासत होता. वाळलेला चिखल त्याने खरवडला, प्रत्येक पाट्यावरून बोट फिरवून चीर नाही ना ते पाहिलं, यू-बोल्टला पाना लावला. या गाडीत लपलेलं काही नाही. म्हणूनच ती जंगलात टिकली.

मूळ जपानचं. 1968 मध्ये सुझुकीने होप मोटर या छोट्या कंपनीच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचे हक्क घेतले आणि 1970 मध्ये पहिली जिम्नी, ‘एलजे10’, आणली. इंजिन अवघं 359 सीसीचं, टू-स्ट्रोक. जपानी छोट्या गाड्यांच्या केई वर्गाच्या मापात, म्हणजे तीन मीटरच्या आत बसायचं म्हणून स्टेपनी आत घेतली आणि चौथी सीट गेली. पुढच्या पिढीतल्या ‘एसजे410’ची लांब आवृत्ती डिसेंबर 1985 मध्ये आपल्याकडे मारुती जिप्सी झाली.

तिचं मर्म अखंड ॲक्सलमध्ये आहे. एक चाक दगडावर चढलं की तोच ॲक्सल दुसऱ्या चाकाला खाली रेटतो आणि जमिनीवरची पकड सुटत नाही. गिअरशेजारच्या दुसऱ्या दांड्याने पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. लो रेंजमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी चढ चढते. 1995 मध्ये पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या, पुढे दांड्याच्या जागी बटणही आलं. 2018 च्या जिम्नीत मात्र सुझुकीने दांडा परत आणला आणि ॲक्सल अखंडच ठेवला. या हट्टाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

काळजी आहे ती पुढची. सुरक्षा आणि प्रदूषणाचे नियम कडक झाले, ते योग्यच होतं. पण त्यात 2019 मध्ये सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद झाली. युरोपात कार्बनच्या मर्यादेपायी जिम्नीला मागची सीट काढून मालवाहू म्हणून विकावं लागलं. जून 2023 मध्ये आपल्याकडे पाच दारांची जिम्नी आली, सुरुवातीची किंमत 12.74 लाख. इथे खप थंडच राहिला. भारतातच बनलेल्या त्याच गाडीला 2025 च्या जानेवारीत जपानमध्ये चार दिवसांत सुमारे 50 हजार मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली.

पण सफारीवाल्याला तिचा उपयोग किती? तिचं छप्पर पत्र्याचं, आणि पर्यटकाला हवी उघडी गाडी. जुन्या जिप्सी डागडुजीवर चालतील, कायमच्या नव्हे. जगभर गाड्या पाठवणाऱ्या कारखान्याने आता या चालकांसाठी नियमांत बसणारी, हलकी, उघडी गाडी घडवायला हवी. तेवढी कारागिरी त्याच्याकडे नक्कीच आहे.