सूर्यफुलाचे बी : न उगवणे आणि मृत असणे यांतील फरक

सूर्यफूल हे भारतात तेलबियांचे पीक म्हणून तुलनेने नवे आहे. 1969 च्या सुमारास सोव्हिएत रशियातून आणलेल्या वाणांनी त्याच्या व्यापारी लागवडीला चालना मिळाली. आज कर्नाटक हे या पिकाचे आघाडीचे राज्य असून महाराष्ट्रात मराठवाडा व सोलापूरकडील शेतकऱ्यांना ते परिचित आहे. मात्र पेरलेले बी न उगवल्याची तक्रार या पिकात वारंवार ऐकू येते. बियाणे ‘खराब’ होते, असा निष्कर्ष अशा वेळी लगेच काढला जातो; तो प्रत्येक वेळी बरोबर असतोच असे नाही.

बियाची रचना

ज्याला आपण सूर्यफुलाचे बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकबीजी शुष्क फळ, म्हणजे कृत्स्नफळ आहे. बाहेरचे टरफल ही फळाची साल होय. खरे बी त्याच्या आत पातळ आवरणात असते. रुजण्यासाठी पाणी, योग्य तापमान व प्राणवायू या तिन्ही गोष्टी लागतात. पाणी टरफलातून आत शिरते. परंतु टरफल व आतील आवरण यांमुळे गर्भापर्यंत प्राणवायू कमी पोचतो. पाणी साचलेल्या जमिनीत हे बी कुजते, त्याचे कारणही प्राणवायूची टंचाई हेच आहे.

सुप्तावस्था

नुकत्याच काढणी केलेल्या बियात सुप्तावस्था असते. प्रारंभी गर्भच रुजण्यास तयार नसतो. पुढे काही काळ आवरणे त्याला अडवून धरतात. कोरड्या साठवणीत ही अवस्था आपोआप संपते. त्यास साधारणपणे दीड महिना लागतो. वाणानुसार हा काळ कमी-अधिक होतो. इथिलीन वायूने सुप्तावस्था मोडते, म्हणून बीजप्रयोगशाळांत इथेफॉनच्या द्रावणाचा उपयोग करतात.

याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. खरिपाचे पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघते आणि रब्बीची पेरणीही त्याच सुमारास येते. घरचे ताजे बी लगेच पेरल्यास ते जिवंत असूनही उगवत नाही व शेतकऱ्याचा हंगाम हातचा जातो. उलट फार जुने बीही धोक्याचे असते. बियातील तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन उगवणशक्ती घटते. दमट हवेत ही घट अधिक वेगाने होते. संकरित वाणाचे घरचे बी तर पुन्हा वापरूच नये, कारण पुढील पिढीत गुण विस्कळीत होतात.

वर्गात करावयाची चाचणी

ही चाचणी कोणत्याही महाविद्यालयात अल्प खर्चात करता येते. ओल्या, पण पाणी न गळणाऱ्या गोणपाटावर दहा ओळींत शंभर बिया मांडाव्यात. वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करावी व ती सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानात सावलीत ठेवावी. चौथ्या व दहाव्या दिवशी मोजणी करावी. निरोगी मूळ व कोंब असलेली रोपेच मोजावीत. प्रमाणित बियाण्यासाठी भारतात किमान 70 टक्के उगवण आवश्यक मानली आहे.

उरलेल्या बियांकडे विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधावे. मऊ पडलेल्या, बुरशी आलेल्या बिया मृत समजाव्यात. टणक राहिलेल्या बियांचे टरफल व आतील पातळ आवरण अलगद काढून त्या पुन्हा ओल्या कापडात ठेवाव्यात. त्या रुजल्यास बी सुप्त होते, हे सिद्ध होते. तरीही त्या टणकच राहिल्या तर गर्भ सुप्त असण्याची शक्यता उरते. अशा वेळी टेट्राझोलियम चाचणी उपयोगी पडते. तिच्यात जिवंत पेशी लाल रंग धरतात.

शेतातील दक्षता

चाचणीत उत्तम ठरलेले बीही शेतात फसू शकते. अंकुरणानंतर वाकलेला कोंब बीजदलांना मातीबाहेर उचलतो. त्यामुळे बी चार ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडले किंवा पेरणीनंतर पावसाने जमिनीवर पापडी धरली, तर कोंब आतच मोडतो. वाफसा आल्यावरच पेरणी करावी. दहा-बारा तास पाण्यात भिजवून सावलीत सुकवलेले बी लवकर व एकसारखे उगवते. नांग्या आठ-दहा दिवसांच्या आतच भराव्यात, अन्यथा मागाहून उगवलेली रोपे मोठ्या रोपांच्या सावलीत मागे पडतात.

समारोप

बी न उगवण्यामागे मृत्यू, सुप्तावस्था व जमिनीची प्रतिकूलता अशी तीन वेगवेगळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. मृत बी बदलावे लागते, सुप्त बियाला वेळ द्यावा लागतो आणि जमीन प्रतिकूल असेल तर पेरणीची पद्धत सुधारावी लागते. शेतकरी कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी ही शंभर बियांची चाचणी पेरणीपूर्वी पंधरा दिवस घरी करून पाहिली, तर बियाणे बदलण्यास अवधी मिळेल. शेतात पेर फसल्यावर मात्र हा अवधी उरत नाही.