हॅकर नको, रिले ओळखणारा हवा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, करोनाच्या ऐन दिवसांत रुग्णालयं जनरेटरवर आली. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला. लगेच केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ही मानवी चूक असल्याचं सांगितलं. देशाच्या आर्थिक राजधानीची वीज बिघाडाने गेली की कुणी घालवली, यावर साडेचार महिन्यांनंतरही सरकारांचं एकमत नव्हतं. हा फरक ओळखणारी माणसं कोण असतात आणि ती कशी तयार होतात, याबद्दल आपल्याकडे भलत्याच समजुती आहेत.

‘त्यासाठी हुशार हॅकर पोरं भरती करा’

सिनेमातली ही कल्पना. खरं काय होतं, ते युक्रेनमध्ये दिसलं. २३ डिसेंबर २०१५ च्या दुपारी तिथल्या एका वीज वितरण कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा माऊस आपोआप हलू लागला आणि एकामागून एक ब्रेकर ट्रिप करत गेला. ऑपरेटर नुसता बघत राहिला, कारण ताबा त्याच्याकडे उरलाच नव्हता. अशा तीन कंपन्यांवर एकाच वेळी घाव घातला गेला, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तक्रारींचे फोन लागू नयेत म्हणून हल्लेखोरांनी कॉल सेंटरवर खोट्या कॉल्सचा भडिमार केला. हे सगळं सुरू झालं होतं कित्येक महिने आधी, कर्मचाऱ्यांना आलेल्या ईमेलला जोडलेल्या फाइलींतून.

तरीही एक ते सहा तासांत वीज परत आली. कशी? माणसं गाड्या काढून उपकेंद्रांवर गेली आणि त्यांनी हाताने ब्रेकर चालू केले. त्यांना ते येत होतं! जिथे सगळं स्वयंचलित करून हाताने काम करणारा माणूसच काढून टाकला आहे, तिथे हे जमेल का? सायबर सुरक्षेच्या मनुष्यबळात या माणसांची गणना कुणी करत नाही, आणि मला तीच सगळ्यात मोठी चूक वाटते.

आपल्या जेएनपीटी बंदराचा अनुभवही फार वेगळा नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने मर्स्क या जहाज वाहतूक समूहाचे संगणक जगभर बंद पाडले, तेव्हा न्हावा-शेव्यातल्या एका टर्मिनलचंही कामकाज कोलमडलं. मर्स्कला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. सुमारे दहा दिवस कंपनीची बरीचशी कामं माणसांनी हाताने रेटली.

‘आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही’

कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी नेमकं हेच सांगितलं : नियंत्रण यंत्रणा स्वतंत्र आहे, सायबर हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनला मान्य करावं लागलं की प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक प्रोग्रॅम सापडला होता. अणुभट्टीच्या यंत्रणेपर्यंत तो पोचला नाही, हे खरं, आणि वेगळेपणाचा उपयोग झाला हेही खरं. पण इराणमधल्या नतान्झचा प्रकल्पही इंटरनेटपासून तोडलेलाच होता. तिथे ‘स्टक्सनेट’ हा घातक प्रोग्रॅम शिरला, त्याची मुख्य वाट पेनड्राइव्हची मानली जाते. तार तोडली तरी दुरुस्तीला येणाऱ्या ठेकेदाराचा लॅपटॉप आत जातोच. तो तपासायचा कुणी, आणि ‘साहेबांचा माणूस आहे’ म्हणत सोडायचा नाही हे ठरवायचं कुणी?

‘हे आयटीवाल्यांचं काम’

कार्यालयात माहिती गुप्त राहणं महत्त्वाचं. वीजकेंद्रात किंवा जलशुद्धीकरण केंद्रात यंत्र अखंड आणि सुरक्षित चालणं आधी, गुप्तता नंतर. कार्यालयातला संगणक रात्री अपडेट करून सकाळी चालू करता येतो. उपकेंद्रातल्या रिलेचं, म्हणजे बिघाड ओळखून ब्रेकर ट्रिप करायला लावणाऱ्या उपकरणाचं, सॉफ्टवेअर बदलायचं तर आधी आउटेज घ्यावं लागतं, म्हणजे तेवढा पुरवठा बंद ठेवावा लागतो. कार्यालयात रोज चालणारं नेटवर्क स्कॅनिंग जुन्या कंट्रोलरवर चालवलं, तर तो कंट्रोलरच अडकून बसू शकतो; म्हणजे रक्षकानेच बंद पाडल्यासारखं. म्हणून संगणक इंजिनिअरला रिले शिकवायला हवा आणि इलेक्ट्रिकलवाल्याला नेटवर्क. अनुभवी ऑपरेटरला नेटवर्क शिकवणं त्यातल्या त्यात सोपं पडतं, असं माझं मत. लोड वाढल्याने फीडर ट्रिप झाला की कुणी ट्रिप केला, हे त्याला आधी जाणवतं.

‘महागडं सॉफ्टवेअर घेतलं की निश्चिंत’

मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद राहिली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर आत आले ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. ते खातं बंद करणं हे काही मिनिटांचं, फुकटचं काम होतं. फक्त ते कुणाचं तरी काम असायला हवं होतं.

‘पाच लाख माणसं तयार केली की झालं’

२०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ घडवण्याचं उद्दिष्ट होतं. मोबाइल ॲप तपासणारा आणि स्काडा (यंत्रांवर दुरून देखरेख आणि नियंत्रण ठेवणारी प्रणाली) सांभाळणारा यांत तो आकडा फरक करत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं अधिक मुद्द्याची आहेत : वीज कंपन्यांनी सायबर सुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमायचा आणि यंत्रणा चालवणाऱ्यांनाच प्रशिक्षण द्यायचं. ‘सर्ट-इन’ या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पण पहाटे तीनला ती लक्षात येणार शिफ्टवरच्या माणसाच्या. फोन कुणाला लावायचा, हे त्याला पाठ नसेल तर सहा तास कधी सरले कळतही नाही.

इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालेल्या मुलामुलींनी ‘सायबर म्हणजे कम्प्युटरवाल्यांचं’ म्हणून हा रस्ता सोडू नये. नेटवर्किंगचा पाया पक्का करा, मग मॉडबस आणि आयईसी ६१८५० हे यंत्रांचे संवादनियम शिका. औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षेवर अमेरिकेच्या ‘सिसा’ या सरकारी संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, तिथून सुरुवात करता येईल.