पडद्यामागच्या सरस्वतीबाई



दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा आपल्याकडचा पहिला मोठा कथापट मानतात. तो मूकपट होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात एकही बाई नव्हती! सिनेमात उभी राहायला कोणी तयार होईना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके.

पडद्यामागे मात्र बाई होती, दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई. भांडवलासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले. तेव्हा कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं नसत, आणि भोकांशिवाय फिल्म यंत्रात सरकत नाही. उजेड लागला तर ती वाया जाते. म्हणून सरस्वतीबाई अंधारात बसून भोकं पाडायच्या. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक होताच.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या २००९ च्या चित्रपटात ही धडपड हसतखेळत दाखवली आहे. गटाने एकत्र बसून जरूर बघा.

आणि बघून झालं की आपल्या नाटे गावाचा विचार करा. होडी घरधन्याच्या नावावर; पण मासळी निवडणं, सुकवणं, विकणं कोणाचं? ‘घरचंच काम’ म्हणून सोडू नका. गटाच्या वहीत ते आपल्या नावाने लिहा.