शिंदीतली गोळी आणि मेंदूचा राखणदार

झाडावरून उतरवलेली ताजी शिंदी गोड असते. ऊन चढेल तशी ती आंबते आणि मग तिची नशा येते. पण झाडे कमी आणि गिऱ्हाईक जास्त झाले, की काही विक्रेते पाणी व सॅकरीन घालून माल वाढवतात. गेलेली नशा भरून काढायला क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलम ही झोपेची औषधे त्यात मिसळतात.

नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद भागात याचा परिणाम सप्टेंबर २०१५ मध्ये दिसला. तेलंगणात भेसळीविरुद्ध कारवाई झाली, नेहमीचा माल मिळेना आणि शेकडो माणसे झटके, भ्रम व बडबड अशा अवस्थेत दवाखान्यात आली. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या लोकांची तिकडे सोयरीक आहे, येणे-जाणे आहे. म्हणून हे आपणही समजून घेतले पाहिजे.

राखणदारच झोपतो

मेंदूच्या मध्यभागी काही पेशी डोपामाईन नावाचे रसायन सोडतात. भूक लागल्यावर भाकरी मिळाली, की हे रसायन मेंदूला शिकवते, ‘हे बरे झाले, पुन्हा कर.’ या पेशींनी मोकाट सुटू नये म्हणून शेजारच्या छोट्या पेशी त्यांची राखण करतात. ‘गॅबा’ हे रसायन सोडून त्या डोपामाईनला आवर घालतात.

डायझेपाम, अल्प्राझोलम ही औषधे गॅबाचा जोर वाढवतात. त्यामुळे माणूस शांत होतो, झोपतो. पण या ठिकाणी त्यांचा मारा आधी राखणदार पेशींवरच बसतो. राखणदार झोपला की जनावरे पिकात शिरतात, तसे डोपामाईन मोकळे सुटते. जिनिव्हा विद्यापीठातील क्रिस्टियान ल्यूशर यांच्या गटाने २०१० साली उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. म्हणजे औषध झोपेचे, पण मेंदू शिकतो ‘पुन्हा पी’! नुसत्या शपथेने सवय का सुटत नाही, ते यावरून कळेल.

एकदम बंद करू नका

रोजच्या औषधाला मेंदू सरावतो आणि त्याचा स्वतःचा आवर ढिला पडतो. मग तेवढ्याच नशेसाठी जास्त माल लागतो. अशात पिणे अचानक थांबले, तर एक-दोन दिवसांत, कधी आठवड्यानेही, हात थरथरणे, झोप उडणे, भास होणे आणि झटके सुरू होतात. झटक्यांनी जीवही जाऊ शकतो. याला भूतबाधा समजू नका.

सरपंच, पोलीस पाटील यांनी ध्यानात ठेवावे. भेसळीचे दुकान बंद झालेच पाहिजे, पण त्याच दिवशी आरोग्य केंद्राला खबर द्या. रोज पिणाऱ्यांना डॉक्टरांकडे पाठवा. डॉक्टर मोजून औषध देतात आणि ते हळूहळू कमी करत नेतात. पिणाऱ्याने घरच्या घरी झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. दारूबरोबर तर नाहीच, श्वास बंद पडू शकतो.

झटका आला तर माणसाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

सवय लागलेल्या माणसाला गावाने हिणवू नये. लाजेने तो घरात दडून बसला, तर दवाखान्यात पोचायला उशीर होतो.