एका धावेचा हिशेब

वर्षभराच्या चाचण्यांत वर्गात पहिला येणारा विद्यार्थी वार्षिक परीक्षेत मागे पडला, तर त्या चाचण्यांचे गुण त्याच्या कामी येत नाहीत. २०१७ च्या आय.पी.एल. स्पर्धेत ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’ या व्यावसायिक क्रिकेट संघाचे नेमके हेच झाले.

चेन्नई व राजस्थान हे संघ निलंबित झाल्याने पुणे संघाला अवघ्या दोन वर्षांपुरते स्थान मिळाले होते. पैकी २०१६ हे वर्ष दुष्काळाचे. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. मैदानांवर पाणी मारावे काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश झाला. कळमनुरीच्या माझ्यासारख्या क्रिकेटवेड्यालाही तो रास्तच वाटला. पुण्याने विशाखापट्टणम गाठले. आठ संघांत त्याचा क्रमांक सातवा लागला.

दुसऱ्या वर्षी धोनीऐवजी स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला. साखळीतील १४ पैकी ९ सामने जिंकून पुणे दुसरे आले. पहिल्या आलेल्या मुंबईला त्यांनी दोन्ही वेळा हरविले होते. साखळीनंतर पहिले दोन संघ परस्परांशी खेळतात. जिंकणारा थेट अंतिम फेरीत जातो, तर हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. १६ मे रोजी वानखेडेवर पुण्याने मुंबईला तिसऱ्यांदा, २० धावांनी नमविले. मुंबईने मात्र दुसऱ्या संधीत कोलकात्याला हरवून अंतिम फेरी गाठली.

२१ मे रोजी हैदराबादेत मुंबईची अवस्था ७ बाद ७९ होती. तेथून कृणाल पंड्याने ४७ धावा करून संघाला १२९ पर्यंत नेले. पुण्याला अखेरच्या षटकात ११ धावा हव्या होत्या. मिचेल जॉन्सनच्या पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीने चौकार मारला. पुढच्या दोन चेंडूंवर तो व स्मिथ बाद झाले. शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना दोनच निघाल्या, तिसरी घेताना फलंदाज धावबाद झाला. पुणे १२८!

लोकांना तो शेवटचा चेंडू आठवतो. मला वाटते, सामना निसटला तो आठव्या गड्यासाठीच्या ५० धावांच्या भागीदारीत. चुकीची दुरुस्ती पुढच्या वर्षी करता येते. पण या संघाला पुढचे वर्षच नव्हते.